मागच्या सायकलचे ब्रेक

गावातल्या अर्ध्या लोकांना गाडी ब्रेकसरांनी शिकवली होती, आणि उरलेल्या अर्ध्यांनी सरांच्या विद्यार्थ्यांपासून जपून चालायला आपापलं शिकून घेतलं होतं. ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत शिकवणाऱ्याच्या पायाखाली एक जादा ब्रेक असतो. सर त्या ब्रेकवर जगले. शिकणाऱ्याचं लक्ष पाटीकडे गेलं की दाब, समोर कुत्रं शेपूट हलवायला लागलं की दाब, आणि कुणी आत्मविश्वासाने हसलं की जोरात दाब.

एवढी वर्षं दाबून दाबून त्या पायाला खोडच लागली होती. दाढी करणाऱ्याचा वस्तरा कानाजवळ आला की सरांचा पाय खुर्चीच्या पाटावर आपटायचा. सिनेमात नायकाची गाडी घाटात शिरली की पुढच्या रांगेतला माणूस मागे वळून बघायचा. झोपेतसुद्धा सुटका नव्हती. तिथे ब्रेकच्या जागी बायकोची नडगी होती.

या नादात सरांच्या हातून एक गोष्ट गेली, ती म्हणजे स्वतःच्या लेकीला गाडी शिकवणं. महिनाभर प्रयत्न झाला, पण गाडी दुसऱ्या गिअरमध्ये काही गेली नाही आणि गल्लीच्या तोंडापर्यंतही पोचली नाही. शेवटी लेक समोरच्या रस्त्यावरच्या दुसऱ्या स्कूलमध्ये जाऊन शिकून आली. सर चार दिवस मूग गिळून बसले, आणि पाचव्या दिवशी 'क्लच कसा सोडते ते बघू' म्हणून तिच्या शेजारी बसले. ती त्यांना घेऊन गेली नाही. गाडी बंद ठेवूनच तिने क्लच सोडून दाखवला.

लेक प्रयोगशाळेत रक्त तपासायची. सर उठायच्या आत ती बाहेर पडायची आणि ती परत येईपर्यंत सरांची संध्याकाळची तुकडी सुरू व्हायची. दोघं एकाच घरात राहून एकमेकांना बहुतेक चपलांवरून ओळखायची. मग एके दिवशी तिने अगदी सारख्या दोन माउंटन बाइक आणून दारात उभ्या केल्या. "रविवारी टेकडीवर जायचं," ती म्हणाली. "बाबा, हिला तुझा जादा ब्रेक नाहीये. सांगून ठेवते."

तेव्हापासून रविवार म्हणजे सरांचा सण. चढावर सायकल ढकलत चालताना ती सगळं सांगायची. साहेब कसा चिडका आहे, सुई बघून कोणता पैलवान आडवा झाला, कुणाशी बोलावंसं वाटतं आणि कुणाशी नाही. सर धापा टाकायचे, म्हणून मध्ये सल्ला देता यायचा नाही, आणि म्हणूनच बहुधा ती एवढं बोलायची. उतारावर ती पुढे, सर मागे.

कुरबुर झाली ती ब्रेकच्या पॅडवरून. डिस्क ब्रेकमध्ये चाकाला एक चकती असते आणि तिला दोन्ही बाजूंनी चिमटीत धरणारे बोटाच्या पेराएवढे दोन पॅड. लेकीचे पॅड पहिल्या दिवसापासून होते तसे होते. सरांचे मात्र साबणाच्या वडीसारखे विरघळायचे. नवे घातले की दोन-तीन रविवारांत खालचा पत्रा चकतीला घासायला लागायचा आणि सर खाली पोचायच्या आधी त्यांची किंकाळी पोचायची. सरांची नव्हे, ब्रेकची.

"सर, तुम्ही सायकल चालवता की विळ्यांना धार लावता?" सायकलवाल्याने विचारलं. त्याने साधे काढून धातूमिश्रित पॅड घातले. ते थोडे जास्त टिकले आणि पुष्कळ जास्त ओरडले.

एका रविवारी दुकानाबाहेरच्या बाकावर तिसऱ्यांदा बसल्यावर लेक म्हणाली, "बाबा, माझा अर्धा रविवार या बाकावर जातो. मैत्रिणींचा एक ग्रुप पलीकडच्या टेकडीवर जातो, त्या कधीच्या बोलावतायत. आता पुन्हा पॅड गेले ना, तर मी त्यांच्याबरोबर जाणार. तू इथे निवांत बसत जा."

ती रागाने बोलली नव्हती, हेच वाईट होतं. रागावलेलं माणूस निवळतं. मैत्रिणींबरोबर एकदा गेलेली मुलगी धापा टाकणाऱ्या बापाकडे कशाला परत येईल?

तो आठवडा सरांनी घर डोक्यावर घेतलं. चकती स्पिरिटने पुसली, चाक फिरवून कान लावला, आणि शेवटी हँडलवर टॉवेल वाळत घालणाऱ्या बायकोवर खापर फोडलं.

"टॉवेलने ब्रेक झिजतात?" बायको म्हणाली. "मग माझी नडगी कशाने झिजली हो?"

सरांनी ते कानाआड केलं. एवढं समोर मांडलेलं उत्तर कानाआड करायला माणूस शिक्षकच लागतो.

रविवारी त्यांनी टेकडीच्या माथ्यावर जाहीर केलं, "दोष माझ्या सायकलीत आहे. आज अदलाबदल. मी तुझी चालवतो, तू माझी चालव."

लेक सरांची सायकल घेऊन पुढे निघाली. पहिल्याच वळणावर मागून 'कीऽऽ' आलं. तिची ती गुणी सायकल, जिने आजवर हूं की चूं केलं नव्हतं, ती सरांच्या हातात गेल्यावर बोंबलत होती. लेकीने मागे वळून पाहिलं. सर वळणाच्या बरेच मागे, सपाट सरळ वाटेवर होते. समोर दगड नाही, खड्डा नाही, आणि हा माणूस दोन्ही मुठी आवळून, डोळे विस्फारून ब्रेक मारतोय.

तिला शंका आली. ती मुद्दाम एका झाडाकडे वळली. कीऽऽ. सरळ झाली. शांतता. तिने एक हात सोडला. कीऽऽ. दोन्ही सोडले, तेव्हा मागून असा आवाज आला की झाडावरची पाखरं उडाली. मग तिने थांबून सरांना जवळ येऊ दिलं.

"बाबा, तू मागून मला थांबवतोयस. तुझ्या ब्रेकने."

सर हाताकडे बघत राहिले. मग अगदी खऱ्याखुऱ्या काळजीने त्यांनी विचारलं, "का गं? लागत नाही का?"

"नाही लागत, बाबा!"

"गाडीत लागायचा," सर हळूच म्हणाले.

लेक हसून हसून वाटेवरच बसली. हसता हसता डोळे पुसले, आणि नंतरही थोडा वेळ पुसत राहिली. मग उठून म्हणाली, "आता तू पुढे हो. पुढे कुणी नसलं की कुणासाठी दाबणार?"

सर पुढे झाले. समोर शिकाऊ कुणी नाही, लेक नाही, नुसती वाट. मुठी आपोआप सैल पडल्या. सायकल सुटली. सरांचा शर्ट फुगला, टोपी मागे राहिली, आणि आयुष्यभर दुसऱ्यांचा वेग मारलेल्या त्या माणसाच्या तोंडून "हुर्रे" असा शब्द निघाला. पायथ्याच्या फाटकातून ते सरळ गवताच्या गंजीत घुसले आणि कमरेपर्यंत आत जाऊन थांबले.

"एकदाही ब्रेक नाही!" ते गंजीतून ओरडले. वरून नुसता आवाज येत होता. कीऽऽ. मग पुन्हा कीऽऽ. खूप वेळाने लेक उतरली. चेहरा पांढराफटक, बोटं आखडलेली, ब्रेकमधून जळका वास.

"वेडा आहेस का तू? त्या खडकापाशी किती जोरात होतास? मेले असते मी!"

"मी होतो गं खडकापाशी. तू नव्हतीस."

दोघं सायकली घेऊन दुकानात गेली. सायकलवाल्याने ती चालवत होती त्या सायकलीचं चाक काढलं आणि कपाळाला हात लावला. मागच्याच रविवारी घातलेले पॅड निम्म्यावर आले होते.

सर गवत झटकत बाकाच्या कडेला टेकले. "गेले म्हणायचे का मग हे?" त्यांनी चाचरत विचारलं. "म्हणजे, तू आता त्या ग्रुपबरोबर..."

लेक आखडलेली बोटं एकेक करून सरळ करत होती.

"दोन्ही सायकलींना पॅडचे नवे जोड द्या," ती सायकलवाल्याला म्हणाली. "आणि जरा जास्त मागवून ठेवा. आम्हाला दर रविवारी लागतील."