इंचभर जास्तीची चाकं

बायकोच्या शिवणकामाच्या टेपचा पहिला इंच तुटलेला होता. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी तो कात्रीत सापडून गेला, आणि तेव्हापासून ती टेप एकच्या आकड्यापासून सुरू व्हायची. हे घरात सगळ्यांना माहीत होतं. ब्लाऊज शिवायला टाकणाऱ्या गल्लीतल्या बायकांनाही माहीत होतं. मला तेवढं नव्हतं, कारण लग्नाला इतकी वर्षं होऊनही मी त्या घरात कधी काही मोजलंच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ती टेप हातात घेतली ती दादांच्या गाडीच्या मडगार्डखाली घालायला.

दादा म्हणजे माझे वडील. जालन्याच्या कोर्टात त्यांनी वकिली केली, आणि हैदराबादला कायमचे परत निघालेल्या एका म्हाताऱ्या डॉक्टरांकडून एक जुनी विलायती गाडी घेतली. काळी, गोल पाठीची, पुढं बशीएवढे दोन दिवे. जालना जिल्हा झाला त्या साली तिचं इंजिन बसलं आणि ती अंगणातल्या पत्र्याखाली जाऊन उभी राहिली. तरी दादा रोज सकाळी तिच्यावर फडकं मारायचे. बंद पडलेल्या गाडीची काच पुसणारा वकील म्हणून आमच्या गल्लीत ते प्रसिद्ध होते.

दोनेक वर्षांनी काका आला. दादांचा एकुलता एक धाकटा भाऊ; घनसावंगीच्या पुढं, गोदावरीच्या अंगाला आमचं गाव आहे, तिथली शेती तोच बघायचा. उसाचा हंगाम होता आणि त्याला बैलगाडीला रबरी टायरची चाकं लावायची होती. दादा त्या दिवशी कामाला औरंगाबादला गेलेले. काकानं माझ्या आईला विचारलं, "वहिनी, ही चाकं तर नुसती उभीच हायेत, नेऊ का?" आई म्हणाली, ने. बंद गाडीच्या चाकांचं तिला काय. त्याआधी तिनं डिकीतलं पाचवं चाक देऊन दोन पातेली घेतली होती.

संध्याकाळी दादा आले तर गाडी विटांवर. ते बराच वेळ तिच्यासमोर उभे राहिले. मग एवढंच म्हणाले, "मला इचारायचं होतं त्यानं." काकाला हा निरोप पोचला, तेव्हा तो म्हणाला म्हणे, "भावाला काय अर्ज करायचा असतो?" एवढ्यावर दोन भाऊ चौदा वर्षं एकमेकांशी बोलले नाहीत. लग्नकार्यात पंगतीच्या दोन टोकांना बसायचे आणि मठ्ठा मधेच संपायचा. दसऱ्याला धाकट्यानं थोरल्याच्या घरी येऊन सोनं द्यायचं, पण काका यायचा नाही. गावाकडून येणाऱ्या कुणाच्या तरी हाती आपट्याची पानं पाठवायचा. दादा ती देवापुढं ठेवायला सांगायचे. हातात घ्यायचे नाहीत.

पुढं आई गेली. नव्वदच्या दशकाच्या अखेरीला एका उन्हाळ्यात दादा दवाखान्यात आठ दिवस राहून आले. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं की हृदय थकलंय, जपा. घरी आल्यावर तिसऱ्या दिवशी दादा पलंगावरून म्हणाले, "औंदाच्या दसऱ्याला मीच जातो. मीच देतो त्याला सोनं."

थोरला धाकट्याच्या दारी सोनं घेऊन जाणार. आमच्या घरात ही केवढी गोष्ट होती, ते सांगून कळायचं नाही.

ते लगेच म्हणाले, "काळी-पिवळीनं जाऊ. पुढच्या सीटवर बसंन मी." जालन्याहून घनसावंगीला भाड्याच्या जीपा जात, त्यांना सगळे काळी-पिवळी म्हणत. पण माझ्या डोक्यात तोवर भलतंच चित्र उभं राहिलं होतं. मी म्हणालो, "जीपमधे कोंबून घेऊन न्हाई जायचं तुम्हाला. आपल्या गाडीतनं जायचं. काका दारात उभा असंल, अन् तुमची गाडी येऊन थांबंल."

दादांनी माझ्याकडं पाहिलं. "तुला एवढी हौस असंल तर बरं," ते म्हणाले. "थांबतो मी."

मी जिल्हा परिषदेत कारकून. फायलीशिवाय दुसरं काही मी कधी दुरुस्त केलेलं नाही, आणि फायलीही तशाच राहिल्यात. पण चार महिने मी त्या गाडीमागं लागलो. इंजिन उतरवून नेलं, ते बोअर करून आलं. रंग झाला. गाद्यांना नवी कव्हरं बायकोनं शिवली. राहिली चाकं. काकाकडं माणूस पाठवून जुनी मागवावी, असं बायको एकदा म्हणाली. मी म्हणालो, "ज्या चाकांवरून बिनसलं तीच मागायची?" मला ते फार शहाणपणाचं वाटलं होतं.

मोंढ्याच्या रस्त्याला रिमचं काम करणारे एक मिस्त्री होते, सगळे त्यांना चाचा म्हणत. जीपच्या रिमा कापून, मधली ताटली आपल्या गाडीच्या बोल्टांची बसवून ते हवी तशी चाकं करून द्यायचे. बोल्टांचं माप मी बराबर नेलं होतं: चाक जिथं बसतं त्या हबला ग्रीस फासलं, त्यावर वर्तमानपत्र दाबलं, पाच बोल्टांचे पाच गोल डाग उठले. ते पाहून चाचा खूश झाले. मग म्हणाले, "अन् मडगार्डच्या आत जागा किती?"

मी बायकोच्या टेपनं घेतलेलं माप सांगितलं.

"साहेब, गाडीच इथं आणा. मी हात घालून बघतो, मंग रिम कापतो."

"चाचा, चाकंच न्हाईत, तर आणू कशी?"

"हां, ये भी है," ते म्हणाले. "मंग मी येतो. जुम्म्याला, नमाज झाली की."

"कशाला तकलीफ. मी मोजलंय ना."

"बराबर?"

"बिलकुल बराबर."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं. पुढं कित्येकदा मला ती नजर आठवली आहे. दसरा आठवड्यावर आला होता, आणि मला रुंद टायर हवे होते, दिसायला भारदस्त. जागा आहे म्हटल्यावर चाचांनी त्या मापाचे रुंद टायर घातले. चाकं आली तेव्हा त्यांच्या ताटल्या एवढ्या चमकत होत्या की बायको म्हणाली, "यात भात पण वाढता येईल."

दसऱ्याच्या दिवशी दादा पहाटेच उठून बसले. धोतर, काळी टोपी, कोर्टाचा जुना कोट. आपट्याची पानं त्यांनी रुमालात बांधून मांडीवर धरली होती. बायकोनं गाडीला हळदकुंकू लावलं, झेंडूचा हार घातला, चार चाकांखाली चार लिंबं ठेवली. मी ऑफिसच्या जीपवर शिकलेलं ड्रायव्हिंग आठवत बसलो. गाडी सुरू झाली. लिंबं फुटली. गल्लीतले लोक दारात आले. आमचं घर गल्लीच्या बंद टोकाला, पत्र्यापासून गल्ली सरळसोट आहे, शेवटी पिठाची गिरणी, आणि गिरणीपाशी डावीकडं वळलं की मोठा रस्ता. आरशात मला दादा दिसत होते. ते खिडकीतून कुणाकुणाला हात करत होते.

गिरणीपाशी मी स्टिअरिंग वळवलं. ते थोडं वळलं आणि अडकलं. खालून करकर आवाज आला, रबर घासल्याचा वास सुटला. मी पुन्हा वळवलं. पुन्हा तेच. पुढचे दोन्ही टायर मडगार्डला आतून टेकले होते. गाडी सरळ चालत होती, वळत मात्र नव्हती.

गिरणीवाला पीठभरल्या हातानं बाहेर आला. वाकून पाहिलं आणि म्हणाला, "साहेब, सरळच घ्या. गिरणीतनं काढा, दळण पण होऊन जाईल."

लोक हसले. मीही हसलो, कारण दुसरं काय करणार. मग त्याच लोकांनी गाडीला हात लावला आणि ढकलत ढकलत उलटी घराकडं आणली. दादा म्हणत होते, "मी उतरतो, हलकी होईल." कुणी उतरू दिलं नाही. नवरदेवासारखे ते मागं बसून राहिले आणि गाडी उलटी येत राहिली.

पत्र्याखाली आल्यावर ते म्हणाले, "कोपऱ्यापरेंत तर गेल्तो."

"उद्या चाकं बदलून आणतो, दादा. उद्या जाऊ."

"उद्या दसरा न्हाई ना, लेका."

ते तसेच गाडीत बसून राहिले. रुमाल सोडून एकेक पान नीट करत होते. बायको त्यांना चहा द्यायला गेली, तेव्हा त्यांनी पानं तिच्या हातात दिली. "देवापुढं ठेव. पुढच्या टायमाला बघू."

त्या दिवशी जेवताना बायकोनं विचारलं, "कशानं मोजलं होतं तुम्ही?"

"तुझ्या टेपनं."

तिनं वाढता वाढता हात थांबवला. "ती टेप एकापासून सुरू होते. मी दर वेळी एक वजा करते." मी पोळीकडं बघत बसलो.

दुसऱ्या दिवशी चाचांकडं गेलो. ते रागावले नाहीत. म्हणाले, "पुढची दोन खोलून आणा, नवीन करून देतो." पण दसरा होऊन गेला होता, दिवाळी आली, ऑफिसात तपासणी लागली. दादाही काही म्हणेनात. घाई कसली, पुढचा दसरा वर्षावर आहे, असा मी हिशोब केला. मी मोजलेली ही दुसरी गोष्ट.

पौषातल्या एका सकाळी बायको चहा घेऊन गेली, तर दादा उठले नाहीत.

गावाकडं शेजाऱ्यांच्या घरी फोन केला. काका काळी-पिवळीनं आला, पुढच्या सीटवर बसून, अंबडवरून दोन तासांच्या आत. धुळीनं पांढरा झालेला. त्यानं दादांच्या पायांवर डोकं ठेवलं आणि बराच वेळ उचललं नाही. उठल्यावर त्याची नजर पत्र्याखाली गेली. रंगवलेल्या, चमकत्या चाकांच्या गाडीकडं तो पाहत राहिला.

तेराव्याला आला तेव्हा त्याच्यासोबत पोत्यात बांधलेलं काहीतरी जड होतं. जीपच्या टपावरून दोघांनी उतरवलं. अंगणात पोतं सोडलं, तर आत दोन चाकं. रिमा तेल लावून ठेवलेल्या, कुठं गंज नाही. टायर मात्र बसल्या जागी चिरले होते.

"चार नेल्ती," काका म्हणाला. "बैलगाडीला दोनच लागत्यात. ही दोन कोठीत ठेवल्ती."

"मग काका, आणली का न्हाईत कधी?"

"मला वाटलं, दादा मागंल." तो खाली बसला. "त्यानं नुसतं आण म्हणलं असतं ना, तर त्याच दिवशी आणली असती. मी वाट बघून राह्यलो. दरसाल दिवाळीला तेल देत होतो त्यास्नी."

दसऱ्याच्या दिवशी गाडी कोपऱ्यापर्यंत गेली होती आणि कुठं निघाली होती, हे मी त्याला सांगितलं. तो चाकाच्या कडेवरून हात फिरवत राहिला. मग उठून हात धुतले आणि पंगतीला बसला. तिथं त्यानं सगळं पान जेवून संपवलं, कारण अन्न टाकलेलं दादांना आवडायचं नाही.

ती दोन चाकं मी चाचांकडं नेली. त्यांनी अरुंद टायर घालून पुढं बसवली. मागं माझी चमकती तशीच राहिली. मागच्या चाकांना वळायचं नसतं, त्यामुळं तिथं ती कुणाला घासत नव्हती. आमची गाडी पुढून वकिलाची आणि मागून ट्रॅक्टरची दिसू लागली. पण गिरणीपाशी स्टिअरिंग वळवलं, तर ती अलगद डावीकडं वळली. दोन चाकं पुरली असती. पुढची फक्त दोन.

वर्ष सरेपर्यंत घरात सण नव्हता. त्यानंतरच्या दसऱ्याला मी आणि बायको गाडी घेऊन गावाकडं गेलो. काका दारात उभा होता, अगदी मी दादांना सांगितलं होतं तसा. गाडी थांबल्यावर त्यानं आधी मागच्या सीटकडं पाहिलं. सवयीनं पाहिलं असेल. मी खाली उतरून त्याच्या हातात आपट्याची पानं दिली, पाया पडलो. त्यानं त्यातलं एक पान बाजूला काढलं, मागचं दार उघडलं, दादा बसायचे तिथं गादीवर ठेवलं आणि दार हळू लावलं.

परतताना घनसावंगीच्या अलीकडं एक काळी-पिवळी हॉर्न वाजवत आमच्या पुढं गेली. मागं माणसं लोंबकळत होती. पुढच्या सीटवर टोपीवाला एक म्हातारा, मांडीवर पिशवी घेऊन, खुशाल बसला होता. बायको तिच्याकडं बघत राहिली. जीप वळणावर दिसेनाशी झाली, धूळ खाली बसली, तेव्हा ती म्हणाली,

"जीपा तेव्हाही जातच होत्या."