बोक्याला दिलेली तीनशे मतं

विलास गेल्याचा फोन शाळेच्या ऑफिसात आला आणि तो मीच उचलला, कारण फोन उचलणं हे माझंच काम आहे. पलीकडचा माणूस म्हणाला, "अंधेरीहून बोलतोय, विलासच्या स्टुडिओतून. त्याच्या वहिनी आहेत का?" एवढं ऐकलं मात्र. मनात आलं, कळलं त्यांना… सहा वर्षांनी का होईना, कळलं. मग तो चाचरत म्हणाला की विलासला दुपारी टेबलावरच त्रास झाला, दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. खरं लिहायचं तर ते ऐकून अर्धा क्षण मला सुटल्यासारखं वाटलं. माझा धाकटा दीर, अडतीस वर्षांचा, गेला होता आणि मला हायसं वाटलं. त्याला आता पाच आठवडे होऊन गेले. तो अर्धा क्षण डोक्यातून जात नाही, म्हणून त्याच्यामागची हकीकत लिहून काढते आहे.

लग्न होऊन मी बोरिवलीच्या दोन खोल्यांत आले तेव्हा विलास आठवीत होता. त्यामुळे भावोजी, अहोजाहो असलं काही आमच्यात कधी आलंच नाही. तो मला "ए वहिनी" म्हणायचा आणि मी त्याला विल्या. अभ्यासात बेताचा, चित्रकला उत्तम, आणि सिनेमाचं वेड असं की पिक्चर बघून आला की जेवणाचं ताट समोर ठेवून तासभर भांडायचा. भांडायचा कुणाशी, तर पिक्चरशी. मला स्वतःला सिनेमात रस नाही. तीन तास अंधारात बसून दुसऱ्याची दुःखं बघण्यापेक्षा मी तेवढ्यात आठवड्याचे गहू निवडीन. पण विलासचं बोलणं मी ऐकायची, कारण तो नुसतं "झकास" किंवा "भंगार" म्हणून थांबत नसे, का ते सांगायचा. दर आठवड्याला कुठल्या ना कुठल्या सिनेसाप्ताहिकाला त्याचं पत्र जायचं आणि अधूनमधून छापूनही यायचं. बक्षिसांवर त्याचा खास राग होता. "वहिनी, ही बक्षिसं म्हणजे लग्नातला आहेर गं. मागच्या वेळी कुणी कुणाला काय दिलं ते आठवून द्यायचा. पिक्चर बघतंय कोण!" बक्षिसांच्या आधी निर्माते पानपानभर जाहिराती द्यायचे, त्या कापून तो मला दाखवायचा आणि म्हणायचा, "एवढं सांगावं लागतं, म्हणजे काय लायकीचा असेल बघ."

पुढे तो अंधेरीच्या एका छोट्या स्टुडिओत लागला. तिथे हलती चित्रं करायचे, बहुतेक जाहिरातींची… दंतमंजन, बाम, छत्र्या. विलासचं काम रंग भरायचं. हातात सुती मोजा घालून पारदर्शक शीटच्या मागच्या बाजूने रंग द्यायचा, म्हणजे पुढून रेघ स्वच्छ दिसते. दिवसभर तेच नाक, तोच पंजा, फक्त केसभर सरकलेला. मी एकदा विचारलं, "कंटाळा नाही येत रे?" तर म्हणाला, "तू रोज पोळ्या लाटतेस, तुला येतो?" "येतो," मी म्हटलं. त्यावर खो खो हसला. त्याच्या मते खरा अभिनय त्या टेबलावरच व्हायचा. "तुमचा हिरो डोळ्यात ग्लिसरीन घालून रडतो. आमच्या बोक्याला रडवायला चार माणसं दोन दिवस बसतात. हिरोला निदान चेहरा आईबापांनी दिलेला असतो. बोक्याला तोही आम्हीच द्यायचा!"

हा बोका म्हणजे स्टुडिओने रिकाम्या वेळात केलेल्या आठ मिनिटांच्या चित्रपटातला. मनोरीच्या धक्क्यावरचा एक उपाशी बोका आणि कोळणीच्या पाटीतली एक तिखट कुर्ली, म्हणजे खेकडी, इतकीच पात्रं. एका थिएटरने तो आठवडाभर मोठ्या पिक्चरच्या आधी दाखवला. आम्ही सगळे गेलो. मुलं हसत होती, मोठी माणसं बाहेर वेफर घेत उभी होती. "आत्ता बघ, आत्ता बघ," विलास माझ्या कानाशी पुटपुटला, "कुर्ली त्याच्याकडे कशी बघते ते…" कुर्लीला ना भुवया ना ओठ, तरी तिच्या मनात काय चाललंय ते मला कळलं, हे मी कबूल करते. परत येताना त्याचा एकच घोष होता. याला बक्षीस कोण देणार? साप्ताहिकं वाचकांची मतं मागवतात त्या फॉर्मवर असल्या चित्रपटाला रकानाच नाही. "चित्रं हलली की ती पोरांची, हे ठरवलं कुणी?"

त्याच वर्षी ह्यांची गिरणी संपात बंद पडली. घर माझ्या आणि विलासच्या पगारावर चालायला लागलं. विलासचं भांडुपच्या मंदाशी ठरलं होतं आणि मंदाच्या वडिलांनी "मुलगा परमनंट आहे ना?" हे बैठकीत तीनदा विचारलं होतं. अशात एका संध्याकाळी विलास पिशवीत कापलेल्या फॉर्मांचा गठ्ठा घेऊन घरी आला. एका सिनेसाप्ताहिकाने वाचकांची मतं मागवली होती. अंकात छापलेला फॉर्म कापून, भरून, पोस्टाने पाठवायचा. एका बड्या हिरोच्या निर्मात्याने अंकांचे ढीगच्या ढीग विकत घेतले होते, आणि ते फॉर्म भरायला त्याने विलासच्या मालकाला, शेठना, गाठलं होतं. का, तर चित्रकाराचा हात. एक माणूस वीस तऱ्हेची अक्षरं काढू शकतो. स्टुडिओतल्या प्रत्येकाला तीनशे फॉर्म वाटले होते. प्रत्येकावर निराळं अक्षर, निराळी शाई, खोटं नाव, खोटा पत्ता, आणि पाकिटं निरनिराळ्या उपनगरांतल्या पेट्यांत टाकायची, म्हणजे शिक्के वेगळे पडतात. नाही म्हणायची सोय नव्हती. माझी आई घाटकोपरला, बहीण मुलुंडला, तेव्हा पेट्यांत टाकायचं काम माझ्याकडे आलं.

विलास आठ दिवस कामावरून आल्यावर फॉर्म भरत बसायचा. कधी शाळकरी मुलीचं गोल अक्षर, कधी म्हाताऱ्याचं थरथरतं. मला नवल एकाच गोष्टीचं वाटत होतं की हा शिव्या न देता हे करतोय कसा. उलट शीळ घालत होता. सगळी पाकिटं माझ्या पिशवीत भरून झाली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर उठले, तर एका पाकिटाचा डिंक सुटलेला दिसला. चिकटवायला भाताचं शीत घेतलं आणि सवयीने आत डोकावले. सर्वोत्कृष्ट अभिनेता, बोका. सर्वोत्कृष्ट अभिनेत्री, कुर्ली. दुसरं पाकीट फोडलं. बोका, कुर्ली. वीस पाकिटं फोडली आणि मग फोडायची थांबले.

मोजणीच्या वेळी त्या निर्मात्याची माणसं तिथे बसणार, हे विलासनेच सांगितलं होतं. बोका कुणाचा, हे शोधायला त्यांना लांब जावं लागणार नव्हतं. संध्याकाळच्या आत ते शेठकडे, आणि शेठ विलासच्या टेबलापाशी. नोकरी गेली, लग्न मोडलं, आणि त्या माणसांनी हात उचलला तर ते वेगळंच. माझ्याकडे दुसरे फॉर्म नव्हते. विलासशी वाद घालायला वेळ नव्हता, आणि घातला असता तर तो हट्टाला पेटला असता. मी पिशवी घेऊन गॅलरीत गेले आणि तीनशे पाकिटं बंबात घातली. विलासच पहिला आंघोळीला गेला. आतून ओरडला, "वहिनी, आज पाणी झकास तापलंय गं!"

संध्याकाळी मी सांगितलं, टाकली सगळी. तेव्हा त्याने दार लावलं, मला खाली बसवलं आणि आपण काय केलं ते सांगितलं. "तीनशे मतं, वहिनी! कुणीतरी बसून मोजणार. बोका एक, बोका दोन, बोका तीन… रकाना नाही म्हणतात काय!" हसता हसता त्याच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. मी सांगायचं ते तेव्हाच सांगायला हवं होतं. पण इतका आनंदात मी त्याला कधी पाहिला नव्हता. म्हटलं, आजचा दिवस जाऊ दे, उद्या सांगू. दुसऱ्या दिवशी सकाळी उठला तो पांढराफटक. "वहिनी, पोस्टातून परत मागवता येतात का गं पाकिटं?" मी म्हटलं, नाही येत.

तिथून ती भीती आमच्या घरात शिरली. आपल्या तीनशे अक्षरांत आपलं खरं अक्षर कुठेतरी डोकावलं असेल, असं त्याच्या मनाने घेतलं. तो छापल्यासारखी सुटी सुटी अक्षरं काढायला लागला, मंदाला लिहायच्या पत्रातसुद्धा. स्टुडिओत दोन अनोळखी माणसं आली तर हा संडासात जाऊन बसला. ती माणसं निघाली बामवाल्याची, जाहिरात बघायला आलेली. मग निकाल लागला आणि तो हिरो पडला. शेठनी सगळ्यांना उभं करून सांगितलं, "कुणीतरी दगा दिलाय. नाव कळलं की मग बघा." विलास घरी आला, वरची कडी लावली, खालची लावली, आणि म्हणाला, "माझ्या तीनशेनीच पडला असणार." कड्या लावल्या तरी आवाजात थोडा ताठा होता. त्या दिवसापासून मीही घाबरले. फॉर्म पोहोचलेच नाहीत ही करणी माझी, म्हणजे दगा मीच दिला होता. विलासचं तोंड सैल. त्याला सांगावं आणि सुटकेच्या भरात त्याने चहाच्या टपरीवर कुणाला सांगावं, म्हणजे वाटच लागली. मी गप्प राहिले.

लग्न ठरल्याप्रमाणे झालं, विलास-मंदा भांडुपला राहायला गेले. पुढच्या वर्षी पुन्हा गठ्ठे आले. शेठनी प्रत्येक टेबलावर एकेक ठेवला आणि विलासचं टेबल सोडून पुढे गेले. तो त्याच दिवशी बोरिवलीला आला. "मला वगळलं, वहिनी. म्हणजे कळलंय. फक्त वेळ बघतायत." त्याच्या पुढच्या वर्षी तेच, त्याच्याही पुढच्या वर्षी तेच. दर वर्षी बक्षिसांचा मोसम आला की त्याचं वजन उतरायचं, सिगारेट वाढायची. साप्ताहिकांना पत्रं लिहिणं त्याने बंद केलं, अक्षर जुळेल म्हणून. पिक्चर बघायचा, पण मी विचारलं, "कसा होता रे?" तर म्हणायचा, "बरा होता." विलासच्या तोंडी "बरा होता"… मला ते ऐकवत नसे. प्रत्येक वेळी ठरवायची, आज सांगते. पण जितकी वर्षं गेली तितकं सांगणं अवघड झालं. इतके दिवस मला का जाळलंस, असं त्याने विचारलं असतं तर मी काय उत्तर देणार होते?

तेराव्यानंतर शेठ भांडुपला भेटायला आले. आता थकलेत. मंदा आत होती. माझ्यापाशी बसून सहज म्हणाले, "ताई, तुमचा विलास एकदम सीधा माणूस. एका साली मी वोटिंगचे फॉर्म दिले होते. कोणाचे किती पोचले कळायला हरेकाच्या फॉर्मला वेगळ्या कोपऱ्यात, वेगळ्या जागी टाचणीचं भोक पाडलं होतं मी. ह्याचा एकही आला नाही. मी समजलो, पोराला खोटं काम जमत नाही, फेकून दिले. बरं वाटलं मला. परत कधी दिले नाही त्याला." मी विचारलं, "आणि दगा दिला कुणी?" शेठ हसले. "समोरच्या पार्टीने जास्ती अंक घेतले, दुसरं काय!"

म्हणजे सहा वर्षं विलास ज्याची वाट बघत होता ते कधी निघालेलंच नव्हतं. डॉक्टर म्हणाले, ब्लडप्रेशर आणि सिगारेट. लोकांना मीही तेच सांगते.

शेठ गेल्यावर मी स्वयंपाकघरात गेले आणि मंदाला सगळं सांगितलं, पाकीट फोडल्यापासून बंबापर्यंत. ती ओट्याला टेकून ऐकत होती. मग म्हणाली, "म्हणजे कुणी येणारच नव्हतं?"

"नव्हतं."

"ताई, मला त्यांनी यातलं कधी काही सांगितलं नाही. बेल वाजली की दचकायचे. जिन्यात पाय वाजले की रेडिओ बंद. मी आपली समजत होते, माझ्याशी लग्न करून पस्तावलेत." तिने गॅस बंद केला. "चहा नको ना तुम्हाला आता?" मी नको म्हटलं आणि निघाले.

काल पुन्हा गेले होते. तिच्या दाराला एक बारीक काचेचं भोक आहे, विलासने भांडुपला आल्यावर पहिल्याच महिन्यात स्वतः पाडलेलं, स्वतःच्या उंचीला. मंदा त्याच्याहून वीतभर बुटकी, म्हणून तिचा एक पाट कायम दाराशी असतो. मी बेल वाजवली. आत पाट सरकल्याचा आवाज आला आणि काचेतला उजेड गेला. एरवी मी घाई करायची, "अगं मीच आहे, उघड." काल उघडायचं की नाही ते तिच्यावर सोडलं. चेहरा नीट दिसावा म्हणून एक पाऊल मागे सरकले आणि तशीच उभी राहिले.