देतो ना पाणी

जिनिंगमध्ये आम्ही बाया कापसातला कचरा वेचतो. तिथं माझी एक मैत्रीण आहे, घरही माझ्याच गल्लीत. मला चार माणसांत बोलता येत नाही, घसा कोरडा पडतो. रेशनच्या दुकानात, दवाखान्यात, बँकेत माझ्या वतीनं तीच बोलते. मी नुसती मागं उभी राहते. बरीच वर्षं असंच चाललं होतं आणि मला त्यात कमीपणा वाटत नव्हता.

यवतमाळला पुण्याकडचं विनोदी नाटक येणार, ही बातमी तिनंच आणली. दिग्रसहून जायचं तर एसटीत बायांना अर्धं तिकीट. नाटकाचं तिकीट अगदी मागच्या रांगेचं. भाकरी, ठेचा आणि पाण्याच्या बाटल्या घरून न्यायच्या, म्हणजे तिथं काही विकत घ्यायला नको. असं सगळं जमवून, जिनिंगमधल्या आणखी दोघींना घेऊन आम्ही सुटीच्या दिवशी दुपारच्या प्रयोगाला गेलो. मी ठेवणीतली साडी नेसले होते.

आमची रांग दाराला लागून होती. मी कडेला, माझ्या बाजूला मैत्रीण, तिच्या पलीकडे त्या दोघी. रंगमंचावर मुंबईचं मोठं घर होतं. नवरा बायकोशी खोटं बोलत होता आणि सगळे फार भराभर बोलत होते. मैत्रीण हसली की मी हसायची.

मग आमच्या मागचंच दार उघडलं आणि काखेत बोचकं घेतलेली एक बाई आत आली. त्या घरची नवी मोलकरीण, वऱ्हाडातून आलेली. तिनं मोठ्यानं विचारलं, "काहून जी, हे मुंबईच होय का?" सगळे हसले. तिनं पुन्हा काहून म्हटलं, पुन्हा हसले. त्यात हसण्यासारखं काय होतं ते मला समजलं नाही. हसणारे घरी तेच बोलत असतील. पण मला ती बाई आवडली. इतक्या वेळात पहिल्यांदा कोणाचं तरी बोलणं मला पूर्ण कळत होतं.

ती नेमकी माझ्याजवळ थांबली. पदरानं घाम पुसला आणि म्हणाली, "माय वं, लय तहान लागली. कोणी पाणी देता का मले?"

माझ्या माहेरी पोळ्यानंतर दंडार व्हायची, गावातल्याच माणसांचा सोंगांचा खेळ. त्यातलं सोंग लोकांत येऊन असंच काहीबाही मागायचं, आणि ज्याच्यापुढं उभं राहिलं त्यानं उत्तर द्यायचं. उत्तर दिलं नाही तर सोंग तिथून हलायचंच नाही, खेळ अडायचा. लहानपणी मीही एकदा उत्तर दिलं होतं. मी उठून उभी राहिले. घसा कोरडा पडला नाही.

"ये ना वं माय, देतो ना पाणी," मी म्हटलं आणि बाटली पुढं केली.

नाटकाला इतकं कोणी हसलं नव्हतं. पुढच्या रांगा मागं वळून पाहायला लागल्या. ती नटी बाटलीकडे पाहत राहिली. मग वाकून हळूच म्हणाली, "काकू, खाली बसा हो, नाटक चालू आहे." अगदी स्वच्छ पुण्याची भाषा. चेहरा तोच, कुंकू तेच, आणि आमची बोली कुठंच नाही. लगेच ताठ होऊन ती पुन्हा वऱ्हाडीत ओरडली, "पाहा जी, इथं तं पाणी बी फुकट भेटते." पुन्हा हशा. ती पुढं निघून गेली.

मी बसले. समोरचा माणूस हसत मागं वळला आणि त्यानं माझ्या मैत्रिणीला विचारलं, "तुमच्यासोबतच्या आहेत का ह्या?"

"नाही जी," ती म्हणाली. "बाजूले बसल्या आहेत फक्त."

मला ती 'अहो-जाहो' कधीच करत नाही. त्या माणसासमोर केलं. पुढं नाटकात काय झालं ते मला सांगता येणार नाही.

मध्यंतरात बाहेर पायरीवर बसून आम्ही भाकरी खाल्ली. तिनं नेहमीसारखा आपल्यातला ठेचा मला वाढला. परतताना गाडीत त्या दोघी माझी नक्कल करत होत्या. मैत्रीण म्हणाली, राहू द्या वं, बिचारी. मग माझ्या खांद्यावर डोकं ठेवून झोपली. दिग्रस येईपर्यंत मी खांदा हलवला नाही. का हलवला नाही, त्याचा अजून राग येतो.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुटीत तिनं सगळ्या बायांना नाटक सांगितलं. ती सांगते फार छान. मोलकरीण झाली, मी झाली, हात लांब करून बाटली धरली. बाया हसून लोळल्या. मी वाट पाहत होते. ती हशापर्यंत आली आणि तिथून थेट पुढच्या प्रसंगावर गेली.

"त्या समोरच्या माणसानं तुले काय विचारलं, ते सांग ना," मी म्हटलं.

इतक्या बायांत मी बोलले म्हणून सगळ्या माझ्याकडे वळल्या. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. हातातला घास मोडत म्हणाली, "कोणता माणूस? मले तं कोणी काही विचारलं नाही."

बाया माझ्याकडे पाहत राहिल्या. मी आणखी काहीतरी गमतीचं बोलणार असं त्यांना वाटलं असावं. एकीनं तर आधीच हसायला सुरुवात केली होती.