मुदखेडला गाडी फिरते

लातूरच्या आमच्या वरच्या खोलीत पाहुण्यांचा पलंग होता. तो मी बाहेर काढायला लावला आणि तिथं उमरी ते इस्लापूर रेल्वे बसवली! नवरा म्हणाला, "पाहुण्यांनी आता रुळावर झोपायचं का?" मी म्हटलं, हाव.

गोल गोल फिरणारी खेळण्यातली गाडी मला नकोच होती. मला माझी लाइन हवी होती. उमरी माझं माहेर, इस्लापूरला मावशी आणि मधे मुदखेड जंक्शन. प्लायवूड कमी पडलं म्हणून भोकर, हिमायतनगर ही मधली स्टेशनं गाळावी लागली. इस्लापूरचं जंगल लाकडाच्या भुशाला हिरवा रंग देऊन केलं, आठवडाभर नखं हिरवी होती. पण मुदखेडात मी एका रुळाचीही तडजोड केली नाही, कारण तिथं माझ्या आईची अब्रू अडकली होती.

माझ्या लग्नाआधी आई एकटीच मावशीकडं बारशाला निघाली होती. मुदखेडला इंजिन सुटलं, मागच्या टोकाला जाऊन लागलं आणि गाडी जिकडून आली तिकडंच हलायला लागली. "ही तर परत उमरीला चालून राहिली!" म्हणत आई पिशवीसकट उतरली. गाडी गेली इस्लापूरला. बारसं हुकलं. तेव्हापासून घरात कुणाचं काही चुकलं, की "मुदखेडला उतरलास का?" हे ठरलेलं. आईही हसायची. पण त्यानंतर ती एकटी कधीच गाडीत बसली नाही, आणि त्याचा मला फार राग यायचा.

मागच्या महिन्यात भाऊ तिला लातूरला सोडून गेला. चहासुद्धा न विचारता मी तिला वर ओढत नेलं. उमरीहून गाडी सोडली. मुदखेडला इंजिन सोडवलं, शेजारच्या रुळावरून मागं आणलं. जुळेचना! बोटानं जरा रेटलं, तेव्हा कट्ट झालं आणि गाडी निघाली, उमरीकडं तोंड करून.

"थांबव," आई म्हणाली.

तिनं एक बोट उमरीच्या रुळावर ठेवलं, दुसरं इस्लापूरच्या. दोन्ही रूळ स्टेशनच्या एकाच अंगानं निघत होते आणि थोडं पुढं जाऊन वेगळे होत होते.

"म्हंजे गाडी खरंच आल्या वाटेनं निघती?"

"हाव."

"मंग मी येडी न्हवते."

"न्हाई गं माय. तुला दिसलं ते बरोबरच होतं. रूळ तेवढा पुढं फुटत होता."

मग बटण तिच्याच हातात. चार वेळा गाडी नेली, मला शिवू दिलं नाही. पाचव्या खेपेला गाडी इस्लापुरात उभी करून तिनं मावशीला फोन लावला.

"पुढच्या आठवड्यात येऊन राहिले. एकटीच." पलीकडून मावशी काहीतरी म्हणाली, तशी आई ओरडली, "मुदखेडला मी बसूनच ऱ्हाते! उतरायचं त्यानं, ज्याला ठावं न्हाई!"