आमेन म्हटलं की झालं

आमच्या घरात भांडणाला बंदी होती. तसा कुणी हुकूम काढला नव्हता. पण सासरे हयात असताना उपदेशक होते, सायकलवर औसा-मुरुडपर्यंत फिरून लोकांना सांगायचे की जिभेला लगाम घाला. त्यांच्याच घरात सासू-सुनेनं आवाज चढवला तर लोक काय म्हणतील? म्हणून आम्ही दोघी प्रार्थनेत भांडायचो.

ज्यांच्या घरी ही सोय नाही, त्यांना समजावून सांगते. आम्हा ख्रिस्ती लोकांत दिवेलागणीला घरची प्रार्थना असते. चटईवर बसायचं, एक गाणं म्हणायचं, डोळे मिटायचे, मग एकेकानं देवाशी मोठ्यानं बोलायचं. पाठ केलेलं नव्हे, मनातलं. एक बोलत असताना दुसऱ्यानं मध्ये तोंड घालायचं नाही. आणि शेवटी सगळ्यांनी आमेन म्हणायचं. आमेन म्हणजे 'तसंच होवो'. म्हणजे जे मागितलं त्यावर आपलाही अंगठा. आता बघा, समोरच्याचे डोळे मिटलेले, तोंड बंद, आणि वर त्यानंच 'तसंच होवो' म्हणायचं. एवढी सोय कोर्टातही मिळत नाही.

"प्रभू," आत्याबाई म्हणायच्या (सासूबाईंना मी आत्याबाई म्हणायचे), "तू आमच्या घरात नवं लेकरू धाडलंस. गुणाचं हाय. भाजीत मीठ किती घालावं, तेवढी बुद्धी तिला दे."

मग माझी पाळी. "हे दयाळू पित्या, वयपरत्वे ज्यांच्या जिभेची चव गेली आहे, त्यांना ती तू पुनश्च प्रदान कर."

आणि दोघी मिळून, आमेन.

मी प्रार्थनेत असं शुद्ध बोलायचे. देवाला मराठवाडी कळत नाही, असा माझा तेव्हा समज होता.

लातूर नुकतंच जिल्हा झालं होतं. तोवर आम्ही उस्मानाबाद जिल्ह्यातले. आता नवीन कलेक्टर आले, नवीन कचेऱ्या आल्या, नवीन पाट्या आल्या. पाणी तेवढं आलं नाही. दुष्काळच होता. चर्चच्या आवारातल्या विहिरीत पोहरा सोडला की खडकावर आपटल्याचा आवाज यायचा. चौकात टँकर यायचा आणि घागरींची रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत लागायची. आत्याबाईंचे गुडघे गेलेले, म्हणून पाणी माझ्याकडं. हे, म्हणजे माझे यजमान, नव्या कचेरीत कारकून होते. त्यांची प्रार्थना सगळ्यात आखूड असायची, "प्रभू, अन्नाबद्दल धन्यवाद," आणि तीही स्वयंपाक व्हायच्या आधी, म्हणजे बायकांना जरा घाई सुटावी.

मी कंधारची. बारावी झालेली. आमच्या गल्लीत सून म्हणून आलेली पहिली बारावी मीच, आणि हे कुणी विसरू नये याची काळजीही मीच घ्यायचे. धुणं धुताना वहीतल्या व्याख्या पुटपुटायचे, मनातल्या मनात नव्हे, शेजारणीला ऐकू जाईल इतपत. आज ती पोरगी मला भेटली तर मी तिला एक घागर देऊन टँकरला पाठवीन.

पण तिचं एक खरं होतं. आमच्या लोकांत देवळाआधी शाळा आली. ज्यांच्या पणजोबांना गावच्या शाळेत पायरीपाशीही बसू दिलं नाही, त्यांच्या हातात आधी पाटी आली, बाप्तिस्मा नंतर. आमचं चर्चसुद्धा मुळात शाळेची खोली. पाळकसाहेब उभे राहायचे त्यांच्या मागं फळा होता तसाच होता. शनिवारी पोरांनी पुसला नाही तर रविवारी उपदेश चालायचा तो सातच्या पाढ्यासमोर. जून महिन्यात शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी पोरं आपापली दप्तरं घेऊन यायची, ती पुढं मांडून पाळकसाहेब आशीर्वाद मागायचे. मग दरसालचा उपदेश. धन्यानं चाकराजवळ दिलेलं धन जमिनीत पुरून ठेवायचं नसतं, तो परत येऊन विचारणार; बुद्धीचंही तसंच.

त्या जूनला हा उपदेश माझ्या एकटीसाठीच आहे, असं मला वाटलं. नांदेडला अध्यापक विद्यालयात मला प्रवेश मिळाला होता. दोन वर्षं तिथं राहून डी.एड. करायचं. नवा जिल्हा, नव्या शाळा, मास्तरणी लागणारच. यांची ना नव्हती. यांची कधीच कशाला ना नसायची, आणि हो म्हटलेलंही कधी कुणी ऐकलं नव्हतं. प्रश्न आत्याबाईंचा होता.

"बुद्धी पुरू नये, हे खरं हाय," त्या म्हणाल्या. "पण घागर कुणी भरावी? आन शिकलेलं डोकं आन भरलेली घागर सारखीच असते बघ. नीट चालता आलं पायजे. हिंदकळली की आपणच भिजतो."

मी किती हिंदकळत होते, ते मला सोडून सगळ्यांना दिसत होतं.

मग मी डाव टाकला. एका संध्याकाळी माझी पाळी आली तशी मी प्रार्थना लांबवली. आजाऱ्यांसाठी मागितलं, विधवांसाठी मागितलं, परदेशी गेलेल्या सेवकांसाठी मागितलं, नव्या कलेक्टरसाठी आणि त्यांच्या जीपसाठी मागितलं. आत्याबाई दिवसभर चुलीपुढं बसून थकलेल्या. जीपपर्यंत त्यांची मान छातीवर आली. तेवढ्यात मी आवाज न बदलता म्हटलं, "आणि तुझ्या या दासीला दोन वर्षांसाठी नांदेडला शिकायला पाठव, तसंच सर्व मुक्या जनावरांना चारा दे."

"आमेन," आत्याबाई दचकून मोठ्यानं म्हणाल्या.

मी डोळे उघडले. "आत्याबाई, मग माळ्यावरची ट्रंक काढू का?"

"कशाला गं?"

"नांदेडला जायला. तुम्ही आत्ताच आमेन म्हणलात."

त्यांनी लेकाकडं बघितलं. हे म्हणाले, "म्हणलीस खरं, आई." आणि लगेच चप्पल घालून बाहेर गेले.

दुसऱ्या दिवशी टँकरच्या रांगेत शेजारची अक्का माझ्यामागं उभी राहिली. अक्का लिंगायत, नवऱ्याचं किराणा दुकान, माहेर उदगीरकडचं, त्यामुळं बोलण्यात मधूनच कानडी यायचं. तिच्या स्वयंपाकघराची आणि आमच्या बैठकीची भिंत एकच. रोज संध्याकाळी ती चूल पेटवून भिंतीला पाठ लावून बसायची आणि आमची प्रार्थना पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकायची.

"काल तुमच्या देवाला लई कामं सांगितलीस की गं," ती म्हणाली. "मी कलेक्टरपर्यंत ऐकले, मग माझं दूध उतू गेलं. पुढं काय झालं?"

मी सांगितलं. अक्का हसून हसून घागरीवर बसली. "आन म्हातारीनं शब्द फिरवला तर?"

"आमेन फिरवता येत नाही, अक्का."

"आस्सं? मग जपून ऱ्हा. तिलाबी तोंड हाय."

अक्काला आमचा धर्म माझ्यापेक्षा जास्त कळला होता. त्याच संध्याकाळी आत्याबाईंनी सरसावून पदर डोक्यावर घेतला. त्यांची प्रार्थना त्या दिवशी यांच्यासारखी आखूड होती.

"प्रभू, आमेन म्हणले ते म्हणले. मी जबान फिरवणारी न्हाई. पोरीला नांदेडला जाऊ दे..."

"आमेन," मी आनंदानं म्हटलं.

"...पाऊस पडून हिरीला पाणी आलं की जाऊ दे," आत्याबाईंनी वाक्य पुरं केलं. "आमेन."

"आमेन," हे म्हणाले.

भिंतीपलीकडं अक्काला ठसका लागल्याचं स्पष्ट ऐकू आलं.

आता मी अडकले. नांदेडला जुलै संपायच्या आत हजर व्हायचं होतं, नाही तर माझी जागा दुसरीला. आणि आभाळ कसं? घासलेल्या परातीसारखं. मी रोज सकाळी अंगणात उभी राहून वर बघायचे. आषाढ लागला तरी थेंब नाही. लातुरातल्या शेतकऱ्यांना पाऊस हवा होता, व्यापाऱ्यांना हवा होता, कलेक्टरना हवा होता. पण माझ्याएवढा कुणालाच हवा नव्हता.

पाळकसाहेबांनी पावसासाठी उपवास-प्रार्थना ठेवली. सगळी मंडळी सकाळपासून चर्चमध्ये. एकेकजण उठून प्रार्थना करत होता. माझी पाळी आली आणि मी सुरुवात तर केली नेहमीसारखी, "हे मेघांच्या स्वामी" वगैरे. पण पुढचं शुद्ध काही सुचेना. "देवा, पाड की रं पाऊस," एवढं तोंडातून निघालं आणि मी फळ्यासमोर ढसाढसा रडले. बायका रडल्या. म्हातारे खोकले.

पाळकसाहेब गहिवरून म्हणाले, "आपल्यातल्या सर्वांत लहान सुनेला शेतकऱ्यांचं दुःख एवढं कळतं, आणि आपण मोठे?" मला त्यांनी सगळ्यांपुढं उभं केलं. मी खाली मान घालून उभी राहिले. तेवढी नम्रता मला त्याआधी कधी आली नव्हती, आणि त्यानंतरही क्वचितच.

घरी जाताना आत्याबाई माझ्याबरोबर चालत होत्या, गुडघ्यावर हात ठेवत.

"रडलीस कुणासाठी?"

"पावसासाठी."

"व्हय," त्या म्हणाल्या. "शेतकऱ्याच्या पावसासाठी."

त्या संध्याकाळी गाणं झालं. यांनी अन्नाचे आभार मानले. उपवास होता हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी दोनच शब्द बोलले. मग आत्याबाई. मी एक डोळा किलकिला केला. त्यांचे दोन्ही डोळे घट्ट मिटलेले होते.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "तुला ठाऊकच हाय, तरी सांगते. मी बोर्डिंगात होते. चौथीत. पयला नंबर न्हवता माझा, पण अक्षर बरं होतं. त्या सालीबी असाच दुष्काळ. बोर्डिंगाची हिर आटली, तशा मॅडम म्हणल्या, पोरींनू, आपापल्या घरी जा, पाणी आलं की बोलावते. पाणी आलं. पण तवर माझं लगीन झालं होतं."

आत्याबाईंनी पदर सारखा केला.

"मी तुझ्यावर रुसले न्हाई. तरी आज ही पोरगी फळ्याम्होरं रडायली तवा मला तो फळा दिसला. मी अट घातली ती माझ्या गुडघ्याची अट होती, तुझी न्हवती. पाणी काय, मी तवाबी आणलं, आताबी आणीन. अर्धी घागर आणीन. तू हिला जाऊ दे. पावसाची वाट बघू नको. फकस्त एक माग, हिच्याकडून. शिकून आली की पयली माझी चौथी पुरी करून घ्यावी. आन हिचं नाक जरा खाली ठेव, शिकवताना पुस्तक दिसलं पायजे. आमेन."

आता आम्ही म्हणायचं होतं. झोपेतल्या बाईकडून आमेन काढून घेणारी मी, माझंच एक आमेन निघेना. यांचंही तसंच काही झालं असावं, कारण तेही गप्प. प्रार्थना तशीच लोंबकळत राहिलेली, अंगठ्यावाचून.

आणि भिंतीपलीकडून अक्काचा आवाज आला, खणखणीत.

"आमेन."

आत्याबाईंनी डोळे उघडले नाहीत. "आन प्रभू," त्या म्हणाल्या, "भिंतीपलीकडच्या बाईलाबी आशीर्वाद दे. दूध उतू चाललंय तिचं, तेवढं बघ."

पलीकडं भांडं धाडकन उतरवल्याचं ऐकू आलं. मग मात्र आम्ही तिघंही आमेन म्हणालो, हसत, आणि तसं हसत म्हटलेलं आमेन चालतं का, हे मी पाळकसाहेबांना कधी विचारलं नाही.

ट्रंक माळ्यावरून यांनी काढली. अहमदपूर, लोहा करत एसटी नांदेडला पोचली, आणि होस्टेलात पाय ठेवला तर अंगणात घागरींची रांग. मी मुकाट्यानं रांगेत उभी राहिले. लातूरला पाऊस पडला तो मी गेल्यानंतर. आत्याबाईंचं म्हणणं, माझं रडणं वर उशिरा पोचलं. पाणी तोवर यांनी आणलं, कचेरीला जायच्या आधी, आणि अक्कानं, रोजची एक घागर, प्रार्थना ऐकल्याचा मोबदला म्हणून.

शिकून येईपर्यंत थांबायला मात्र आत्याबाई तयार नव्हत्या. नाताळच्या सुट्टीत मी घरी आले ती अर्धवट मास्तरीण होऊन, खडू घेऊन. त्यांना समोर बसवलं. चौथीचा पहिला धडा. त्या एकेका शब्दावर बोट ठेवून वाचत होत्या, आणि मी, नुकतंच मानसशास्त्र शिकलेली, मध्येच तोंड घालत होते. असं नाही, तसं. इथं थांबा. स्वल्पविराम दिसला नाही का? एका ओळीत चार वेळा.

आत्याबाईंनी पुस्तक मिटलं, चष्मा काढला, आणि दिवेलागणीला अजून बराच अवकाश असताना भर दुपारी डोळे मिटले.

"प्रभू," त्या म्हणाल्या, "आमच्या मास्तरीणबाईला जरा धीर धरायची बुद्धी दे."

भिंतीपलीकडं हालचाल झाली. अक्का बसायला पाट ओढत होती. मी घाईघाईनं आमेन म्हणून टाकलं, आणि त्यांनी पुन्हा पहिल्या ओळीवर बोट ठेवलं.