आधी घर, मग कादंबरी

प्रा. भानुदास नांदूरकर सरांची आणि माझी पहिली गाठ बीडच्या कॉलेजात, एम. ए. इंग्रजीच्या वर्गात पडली. मी आष्टीहून एसटीने आलेली, हातात नवंकोरं गाईड. सरांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि परत देत म्हणाले, "राहू द्या. चहाचा कप ठेवायला बरं पडतं."

त्या वर्षी एक गाजलेली अमेरिकन कादंबरी अभ्यासाला होती. पिकं वाळली म्हणून घरदार सोडून परमुलखात फळं तोडायला निघालेल्या माणसांची. सर पुस्तक मिटूनच ठेवत. फळ्यावर डावीकडे 'घर' लिहीत, उजवीकडे 'काळ'. लेखकाच्या घरात काय होतं, देशात काय चाललं होतं, हे भरल्याशिवाय पहिलं पान उघडायचं नाही. "लेखक काही आभाळातून पडत नाही," असं ते बजावत. या लेखकावर घर सोडायची पाळी आली नव्हती. मग त्याने हे का लिहिलं? हा सरांचा लाडका प्रश्न. उत्तर मात्र ते कधी देत नसत.

मला त्या 'घर' शब्दाची धास्ती वाटे. माझे आईवडील दसरा झाला की ऊसतोडीला जात आणि वर्गात मी "वडील शेती करतात" एवढंच सांगितलं होतं. बीडच्या मैत्रिणींना कळलं तर काय, या काळजीने मी कुणाला गावाकडे बोलावलं नाही.

गाडी भरताना कादंबरीतली माणसं भांडीकुंडी आधी, तळाशी ठेवत असणार, जपायची वस्तू ना, असं सर शिकवत. चाचणीत मी लिहून गेले की भांडी सगळ्यांत शेवटी चढतात, कारण उतरल्या उतरल्या चूल मांडायची असते. पेपर दिला आणि घाईने वर्गाबाहेर पडले. हे गाईडात नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात आले ते उभ्या उभ्याच बोलले. "इतकी वर्षं मी चुकीचं शिकवलं. कुणाच्या तरी पेपरमुळे कळलं." माझं नाव त्यांनी घेतलं नाही. फळ्यावर 'घर'खाली त्यांनी स्वतःचं लिहिलं, 'वडील मुकादम'. "ते ऊसतोडीच्या टोळ्या जमवून कारखान्याला पाठवायचे. आमच्या उमापूरच्या दारातूनच त्या निघायच्या. मी ओट्यावर बसून बघायचो. सामान कधी चढवलं नाही, म्हणून चुकलो. ही कादंबरी मला का सोडत नाही, तेही आता तुम्हाला कळलं असेल."

मी उठले. "सर, पेपर माझा आहे. माझे आईवडील ऊस तोडतात." मागच्या बाकावरून एक जण उठला, "आमचे बी, सर." मग आणखी दोघी उठल्या. इतकं हलकं मला त्याआधी कधी वाटलं नव्हतं.

हंगाम संपल्यावर सरांनी माझ्या आईला ऊसतोडीचं सांगायला वर्गात बोलावलं. तिला आपली खुर्ची दिली, स्वतः बाकावर बसून वही काढली. आई संकोचली. "सर, हे लिवून कशाला घेता? ही काय लिवायची गोष्ट हाय?"

"हीच हाय, ताई," सर म्हणाले. वर्गात त्यांनी प्रमाण भाषा सोडलेली मी तेवढी एकदाच ऐकली.

आज मी आष्टीत शिकवते. सर पंच्याहत्तर वर्षांचे झाले. गुडघे कुरकुरतात, पण उमापूरच्या त्या ओट्याबद्दल ते रोज पानभर लिहितात, आणि आवडलं नाही की फाडतात. या वेगाने पुस्तक पुरं व्हायला त्यांना शंभरी ओलांडावीच लागेल. त्यांनी ती ठणठणीत प्रकृतीने ओलांडावी, हे आम्हा सगळ्या विद्यार्थ्यांचं मागणं आहे.

सरांच्या पंच्याहत्तरीच्या या लेखासाठी आईला विचारलं, सरांना काय कळवू? ती भाकरी थापत होती.

"लई वरसं जगा म्हणावं. तू आमाला लपवत व्हतीस, ठावं व्हतं मला. कधी बोलले न्हाई. त्या मानसानं माझी लेक मला परत दिली."