वळणापर्यंतची चक्कर

“चावी.”

एवढंच म्हणून ते उजवा हात पुढे करायचे. मान वर नाही, डाव्या बाजूच्या बाकड्यावर ठेवलेल्या चहावरून नजर हटलेली नाही. तळवा मात्र देवळात तीर्थ घ्यायला करतात तसा वर पसरलेला. ज्याची गाडी नवीन असेल त्याने तिचं कौतुक जिथे असेल तिथे थांबवायचं आणि त्या तळव्यावर चावी ठेवायची, हा आमच्या मोटरसायकलवाल्या ग्रुपचा नियम होता. नियम कोणी केला म्हणाल, तर ज्यांचा हात होता त्यांनीच.

आम्ही त्यांना दादूस म्हणायचो. पनवेलच्या आसपासच्या गावांत मोठ्या भावाला दादूस म्हणतात. साठी उलटली तरी त्यांना काका म्हटलेलं चालत नसे. आजोबांची मिठागरं होती, आता त्या जागेवर इमारती आहेत. घरी मोटारी होत्या, पण दादूस दर रविवारी सकाळी पळस्प्याच्या पुढच्या आमच्या नेहमीच्या चहाच्या टपरीवर यायचे ते आपल्या जुन्या, हलक्या मोटरसायकलवरून. डोक्याला आधी पंचा, वर हेल्मेट. ते गेल्याला आता वर्ष होऊन गेलं. तुम्हीही गाड्यांच्या एखाद्या ग्रुपमध्ये असाल तर असा एक माणूस तुमच्याकडेही असेल. नसेल तर तुमच्या नव्या गाडीची खरी परीक्षा अजून झालेलीच नाही असं समजा.

आमच्याकडे परीक्षा अशी असायची. पहिल्या रविवारी मालकाने चहा हातात घेऊन सगळ्यांसमोर गाडीबद्दलचा पहिला अभिप्राय सांगायचा. मग दादूस चावी घेऊन कर्नाळ्याच्या बाजूला, पहिल्या वळणापलीकडे एक चक्कर मारून यायचे आणि एक वाक्य बोलायचे. ते वाक्य होईपर्यंत दुसऱ्या कोणी गाडीला हात लावायचा नाही. आणि एकदा बोललेलं वाक्य गाडीला नंबरप्लेटसारखं चिकटायचं.

बँकेतल्या एकाने लांबलचक, ऐसपैस क्रूझर आणली. दादूस परत येऊन म्हणाले, “हिच्यावं बसून घोरशील. उशी कुटं हाय?” ती गाडी आजही उशी म्हणूनच ओळखली जाते. दुसऱ्या एकाच्या उंच गाडीवरून ते उतरले, कंबर धरली आणि शिडी कुठे मिळते एवढंच विचारलं. ज्याच्या सायलेन्सरचा आवाज सुकापूरपर्यंत जायचा, त्याला म्हणाले, “सासू हाय. आवाज लय, काम बेताचा.” तो बिचारा पुढच्याच आठवड्यात सायलेन्सर बदलून आला, पण गाडी सासूच राहिली.

आता माझं. माझे वडील आमच्या गावच्या शाळेत शिपाई होते आणि मी त्याच शाळेत शिकलो. आमच्या घरात पदवी आणि इंजिन दोन्ही माझ्यापासून सुरू झालं. तळोज्याच्या एका कारखान्यात मी माल तपासण्याचं काम करतो. पाच-सहा वर्षं ग्रुपमध्ये छोट्या गाडीवर सगळ्यांच्या मागे राहून झाल्यावर मी साडेसहाशे सीसीची गाडी घेतली. गाडी भारदस्त होती. मी नाही. माझी उंची पाच फूट तीन इंच. सीटवर बसलो की माझे पाय जमिनीच्या जवळ जायचे, पण तिची भेट घ्यायचे नाहीत.

खरं सांगतो, मला त्या गाडीची भीती वाटत होती. शोरूमच्या माणसालाच मी ती घरी आणून द्यायला सांगितलं. रोज सकाळी कव्हर काढायचो, पुसायचो, देवापुढे पेढा ठेवल्यासारखा समोर उभा राहायचो आणि कव्हर परत घालायचो. रविवार जवळ येत चालला तशी मला गाडीपेक्षा अभिप्रायाची काळजी लागली. अभ्यासाशिवाय मी आयुष्यात कुठल्या परीक्षेला बसलेलो नाही. म्हणून फोनवर लोकांनी केलेले व्हिडिओ पाहिले आणि दोन पानी अभिप्राय लिहून काढला. पाठही केला.

रविवारी मी घरून, सुकापूरहून टपरीपर्यंत दुसऱ्या गिअरमध्ये आलो. एकदाही थांबलो नाही, कारण थांबता येत नव्हतं. टपरीजवळच्या मोरीच्या कठड्याला गाडी लावली, एक पाय कठड्यावर टेकवला आणि सहज टेकवल्यासारखा चेहरा केला. मग चहा घेऊन सुरुवात केली. खालच्या आरपीएमला टॉर्क भरपूर आहे. एकशेवीसला गाडी खडकासारखी स्थिर राहते. वळणावर तिचं वजन जाणवतच नाही. मंडळी माना डोलवत होती. दादूस गाडीजवळ गेले, मीटरवर वाकले, बराच वेळ वाकलेले राहिले. मला वाटलं चष्मा विसरले असतील.

“चावी,” ते म्हणाले. मी ठेवली. मग त्यांनी आजवर कधीच केलं नव्हतं ते केलं. मला म्हणाले, “मागं बस.”

मागे बसल्यावर मला दिसलं की ते क्लच हाताने ओढत नव्हते, खांद्याने ओढत होते. डावा खांदा वर चढायचा, मान त्या बाजूला झुकायची, मग कुठे गिअर पडायचा. दुसऱ्या गिअरनंतर त्यांनी तो प्रयत्नच सोडला. वळण संपल्याबरोबर ते रोपांच्या एका बंद पडलेल्या नर्सरीच्या रस्त्याला वळले, झाडाखाली गाडी उभी केली आणि शेजारच्या दगडावर बसून डावा पंजा चोळू लागले. दगड बसून बसून गुळगुळीत झालेला होता.

“गारीनं अकरा किलोमीटर बगितलेत,” ते म्हणाले. गाडीला ते गारीच म्हणायचे. “शोरूम ते घर चार, घर ते हितं सात. तुजा एकशेवीस कवा झाला रं?”

मी खिशातून कागद काढून त्यांच्या हातात दिला. दुसरं काय करणार? त्यांनी दोन्ही पानं वाचली. अक्षर चांगलं आहे म्हणाले. मग हसायला लागले ते थांबेचनात, आणि त्यांचं हसणं संपेपर्यंत मला थोडा धीर आला. मी विचारलं, दादूस, हाताला काय झालंय?

दोन वर्षं झाली होती. मानेत कुठेतरी शीर दबली होती, डाव्या हाताची तीन बोटं बधिर होती. डॉक्टर म्हणाले होते की ताकद आता परत यायची नाही. त्यांच्या जुन्या गाडीचा क्लच लोण्यासारखा मऊ, ती जमायची. मोठ्या गाड्या वळणापर्यंतच जमत. मग ते इथे या दगडावर पाव तास बसायचे आणि परत यायचे.

“मग ती वाक्यं?” मी म्हणालो. “उशी, शिडी, सासू?”

“मालक चा पिताना बोलतो ना, तवाच कलतं गारी कशी हाय. चालवायची काय गरज?” ते म्हणाले. “पन चावी हातात आली पायजे. ती बंद झाली का मी निस्ता वडापाव खायला येनारा म्हातारा. घरी तर तसाच हाय.”

हे बोलताना त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. कागदाची घडी घालून माझ्या खिशात परत ठेवली आणि उठले. तू कागद पाठ केलास, मी वळणापर्यंतच चालवतो, आपण दोघं सारखेच चोर, असं म्हणून त्यांनी मला पुढे बसायला सांगितलं.

त्या रस्त्यावर पुढचा पाऊण तास माझी शिकवणी झाली. दोन्ही पाय टेकवायची हौस कशाला, असं त्यांचं पहिलं म्हणणं. बूड डावीकडे सरकवायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा ब्रेकवर ठेवायचा. थांबायच्या आधी कुठल्या पायावर थांबायचं ते ठरवायचं. ते मागे बसून माझ्या हेल्मेटवर बोटाने टकटक करायचे. एक टकटक म्हणजे हळू, दोन म्हणजे थांब. तीन टकटक म्हणजे काय ते सांगितलं नव्हतं, पण सूर ऐकून कळायचं.

चौथ्या फेरीला मी खडीवर थांबलो आणि ठरवलेला पाय सोडून दुसराच खाली घातला. गाडी संथपणे, एखादी म्हैस बसावी तशी, आडवी झाली. आम्ही दोघं शेजारी उभे. साइडगार्डवर लांब ओरखडा. माझ्या डोळ्यांत पाणी आलं होतं, हे लिहायला आता हरकत नाही.

“चला,” दादूस म्हणाले, “आता गारी तुजी झाली.”

त्यांना हात लावता येणार नव्हता. त्यांनी नुसतं सांगितलं. गाडीकडे पाठ कर, बूड सीटला लाव, हँडल धर आणि पायांनी उठ. मी उठलो. दोनशे किलो माझ्याबरोबर उठले. पहिल्यांदाच मला वाटलं की या गाडीचं आणि माझं जमेल.

परत आलो तेव्हा मंडळी रस्त्यावर येऊन उभी होती. वळणाच्या पलीकडेच आम्ही जागा बदलली होती, त्यामुळे गाडी दादूसच चालवत होते. ओरखडा सगळ्यांनी एकदमच पाहिला. मी तोंड उघडणार एवढ्यात दादूस म्हणाले, “माज्याकडनं पडली. खडी होती.” मग लगेच निकाल दिला. “गारी चांगली हाय. उचलायला पन हलकी.”

सगळे हसले. मीही हसलो. त्या हसण्याची मला नंतर फार लाज वाटली.

कारण महिनाभराने खारघरच्या कॉलेजातले एक सर नवी, लाल, देखणी गाडी घेऊन आले. अभिप्राय झाला. दादूसनी हात पुढे केला. सर म्हणाले, “दादूस, आज राहू द्या ना. टायर नवीन आहेत, रस्त्यावर खडी पण फार आहे.” फार आदराने म्हणाले. बाकीचे आपापल्या चहात बघू लागले. दादूसचा हात मात्र तिथेच होता. मागे घ्यायचं त्यांना सुचत नव्हतं, की घ्यायचा नव्हता, कोण जाणे.

मी उठलो आणि म्हणालो की त्या दिवशी गाडी मी पाडली. मला थांबवता येत नव्हती. एकशेवीसचं सगळं खोटं होतं, अभिप्राय मी पाठ करून आलो होतो. दादूसच्या हाताबद्दल एक शब्द बोललो नाही. ते गुपित माझं नव्हतं.

त्यावर असा गोंधळ उडाला की टपरीवाला बाहेर आला. सगळ्यांना कागद बघायचा होता. मला बाकड्यावर उभं करून संपूर्ण अभिप्राय पुन्हा म्हणायला लावला. “वळणावर वजन जाणवत नाही” या वाक्याला टाळ्या पडल्या. सरांनी हसता हसता चावी दादूसच्या तळव्यावर ठेवली, वर माफीही मागितली. दादूसनी मूठ मिटली. लाल गाडीकडे पाहिलं. मग मूठ माझ्यापुढे उघडली. “तू ने. मी मागं बसतो.”

मंडळींना वाटलं ही माझी शिक्षा आहे. तेव्हापासून प्रत्येक नव्या गाडीची चक्कर मी मारायचो, दादूस मागे, आणि वाक्य त्यांचं. गंमत म्हणजे आता त्यांना गाडी खरोखरच तपासायला मिळत होती. निकाल त्यामुळे आणखी कडक झाले.

पुढच्या हिवाळ्यात एका रविवारी ते उशिरा आले. त्यांच्या जुन्या गाडीचा ओळखीचा आवाज आलाच नाही. आली ती फिकट गुलाबी स्कूटर, आरशाला नातीने बांधलेला गोंडा, आणि वर पंचा-हेल्मेट घातलेले दादूस, डोळे बारीक करून आमच्याकडे बघत. आमच्या साडेसहाशे, नऊशे सीसीच्या रांगेत त्यांनी ती मधोमध उभी केली. मग नियमाप्रमाणे चहा घेतला आणि सगळ्यांसमोर पहिला अभिप्राय दिला.

पाय दोन्ही टेकतात, त्यांनी माझ्याकडे बघून सांगितलं. सीटखाली दोन किलो मासळी मावते. एकशेवीसला कशी आहे ते ठाऊक नाही, कोणी कागदावर लिहून दिलं तर वाचून दाखवीन. लोक हसून हसून खाली बसायच्या बेतात होते. हसू ओसरल्यावर ते साध्या आवाजात म्हणाले, “क्लच नाय. माज्या डाव्या हाताला आता क्लच दाबवत नाय. दोन-तीन वर्सं झाली.”

कोणाला काही बोलायला त्यांनी वेळच दिला नाही. आज उरणजवळच्या करंजाला जायचं, मासळीच्या होड्या बंदराला लागायच्या आत पोचायचं, मी पुढे, असं म्हणून त्यांनी स्कूटर काढली.

उरणच्या रस्त्यावर दोन्ही बाजूंना कंटेनर, आणि मधून आमची मिरवणूक. सगळ्यांत पुढे गुलाबी स्कूटर, चाळीसच्या वेगाने, काटा जराही इकडे नाही की तिकडे नाही. मागे आमच्या अकरा अवाढव्य गाड्या, दुसऱ्या-तिसऱ्या गिअरमध्ये कण्हत, इंजिनं तापलेली, पंखे घरघरतायत. उशी, शिडी, सासू, सगळ्या ओळीने. सरांनी एकदा लाल गाडी पुढे काढायचा प्रयत्न केला. दादूसनी मागे वळूनही न पाहता डावा हात आडवा केला, वाहतूक पोलीस करतो तसा, आणि सर निमूटपणे मागे आले. करंजाचं बंदर येईपर्यंत तो हात तसाच बाहेर होता. मधूनमधून वाऱ्यात बोटं हलवून ते बघत होते, त्या बधिर बोटांना काही कळतंय का.